‘धोकादायक’ म्हणजे नेमका किती?

जामिनावरच्या आरोपीने गूगल मॅप्सवर आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत ठेवावं, ही अट सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली. तो विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “परदेशात बघा, सुटलेल्या गुन्हेगाराच्या पायात जीपीएस घालतात, आणि तो पुन्हा गुन्हा करणार का हे टेस्ट करून आधीच ओळखतात.” यातलं जीपीएसचं खरं आहे. ओळखण्याचं मात्र नाही.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात यासाठी २००६ चा कायदा आहे. गंभीर लैंगिक गुन्ह्याची शिक्षा पूर्ण भोगलेल्या माणसावरही (२०१३ पासून हिंसक गुन्हेगारांवरही) तिथलं सुप्रीम कोर्ट एका खेपेला जास्तीत जास्त पाच वर्षांची देखरेख लावू शकतं. राहायचं कुठे, दारू, इंटरनेट, पायातला पट्टा, सगळं त्यात येतं. मुदत संपत आली की सरकार पुन्हा अर्ज करू शकतं.

कोर्टापुढे तज्ज्ञांचे अहवाल येतात, आणि लैंगिक गुन्ह्यांच्या प्रकरणांत त्यांत बहुधा ‘स्टॅटिक-९९आर’ नावाची चाचणी असते. दहा प्रश्न: सुटताना वय किती, आधीच्या शिक्षा किती, पीडित व्यक्ती अनोळखी होती का, जोडीदारासोबत सलग दोन वर्षं कधी राहिला का. गुणांची बेरीज करायची. पुन्हा गुन्हा केलेला एक आणि न केलेला एक अशा जोड्या लावल्या, तर शंभरातल्या साधारण सत्तर जोड्यांत पहिल्याचे गुण जास्त निघतात. नाणं उडवलं असतं तर पन्नास.

आता खरी गंमत. समजा, सुटलेल्या १००० जणांपैकी १०० जण पुन्हा गुन्हा करणार आहेत. आणि समजा, एखादी चाचणी त्यांतले ७० पकडते, पण उरलेल्या ९०० पैकी ३० टक्क्यांवर, म्हणजे २७० जणांवरही ‘धोकादायक’ असा शिक्का मारते. शिक्के एकूण ३४०, त्यांतले बरोबर ७०. पाचात एक! तीच चाचणी, तेवढीच अचूक, पण १००० पैकी ४०० जण गुन्हा करणारे असलेल्या गटावर वापरा: २८० बरोबर, १८० चूक, म्हणजे पाचात तीन बरोबर. चाचणी बदलली नाही, मूळ प्रमाण बदललं. ‘सत्तर टक्के अचूक’ एवढंच सांगणारी बातमी म्हणूनच अर्धवट असते.

एकोणिसाव्या शतकात इटलीच्या लोम्ब्रोसोने कवटी आणि जबडा पाहून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखण्याचा दावा केला होता. गुणांची बेरीज त्यापेक्षा कितीतरी बरी, कारण ती तपासून खोडता येते. पण तिला एखाद्या माणसाचं भविष्य मानलं, की ती पत्रिकेच्याच पंगतीत जाऊन बसते. ती गटाबद्दल बोलते: असे गुण असलेल्यांपैकी साधारण इतके.

कायदा करणाऱ्यांना हे माहीत असावं. धोका ‘अस्वीकार्य’ आहे का, एवढंच कोर्टाने ठरवायचं. गुन्हा होण्याची शक्यता न होण्यापेक्षा जास्त असलीच पाहिजे असं नाही, हे कायद्यातच लिहिलंय. संभाव्य इजा भयंकर असेल तर पाचात एकही पुरे. मला हे समजतं, पटतं अर्धंच. कारण अट मोडणं हाच तिथे गुन्हा आहे, आणि दुसरं काहीही न करता, केवळ त्यासाठी तुरुंगात परत जाणारा माणूस त्या २७० जणांपैकीही असू शकतो.