वाटाण्यापासून सुरू झालेली गोष्ट

विज्ञानावरची फिल्म म्हटलं की आपल्याकडे लोक आधीच जांभई देतात, पण गंमत बघा, भारतीय सिनेमाला पहिलं भांडवल मिळालं ते एका विज्ञानपटामुळेच. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, पिक्चर काढायचं डोक्यात पक्कं, पण पैसा कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर त्याची थोडी थोडी चित्रं घेत राहिले. पडद्यावर बी फुटून वेल सरसर वर चढताना दिसला आणि बघणाऱ्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. दिवसाला एकच फ्रेम घेतली असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण तेव्हा सेकंदाला साधारण १६ फ्रेम लागायच्या, म्हणजे महिन्याभरात दोनच सेकंदांची फिल्म! आणि ती मिनिटभराची होती असंही म्हणतात, तेव्हा दिवसाला बऱ्याच जास्त फ्रेम घेतल्या असणार. असो. कल्पना अगदी नवी नव्हती, जर्मनीत फेफर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं १९०० च्या आसपास हेच केलं होतं आणि लंडनमध्ये पर्सी स्मिथनं १९१० ला फुलं उमलताना दाखवली होती. पण डोळ्यांना न दिसणारी हळू गोष्ट भरभर दाखवली की शाळा न शिकलेल्या माणसालाही कळते, समजावून सांगावं लागत नाही, हे फाळक्यांना बरोबर कळलं होतं.

पुढं मात्र हे आपण विसरलो असं मला वाटतं. १९४८ ला मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं, थिएटरात मेन पिक्चरच्या आधी त्यांच्या फिल्म दाखवणं सक्तीचं झालं. काही फिल्म खरंच छान होत्या, पण बऱ्याच म्हणजे भारदस्त आवाजातलं प्रवचन, आणि पब्लिक तोवर बाहेर वडे खात उभं.

खरा धाडसी प्रयोग झाला तो साईट, म्हणजे उपग्रहावरून खेड्यापाड्यांत टीव्ही दाखवायचा. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६, अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर उसना घेतला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही लागले, एक सेट आणि समोर अख्खं गाव. शेती, आरोग्य, मुलांसाठी विज्ञान असं सगळं त्यात होतं. (त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, आपलं नशीब.) अहमदाबादला इस्रोच्या ज्या केंद्रानं ही जबाबदारी उचलली त्याचे संचालक होते प्रा. यशपाल, तेच पुढं दूरदर्शनवर टर्निंग पॉइंटमध्ये लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना दिसले. पोरांनी पाठवलेले साधेच प्रश्न, आणि हा माणूस पुस्तकी भाषा न वापरता गप्पा मारल्यासारखा बोलायचा. १९८४ ला यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, कंट्रीवाइड क्लासरूम टीव्हीवर आला, त्यातले बरेच कार्यक्रम म्हणजे फळ्यासमोरचं लेक्चरच, पण ज्या गावात कॉलेजच नाही तिथल्यांना तेही खूप होतं.

आणि मग पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातलं मुलांचं विज्ञान केंद्र. इमारतीचं नाव पुलस्त्य, सप्तर्षींतला तारा आणि पु.लं.ची आठवणही, कारण देणगी सुनीताबाईंकडून आलेली. तिथं अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायच्या एक-दोन मिनिटांच्या फिल्म केल्या, मराठीसकट अनेक भाषांत, सगळ्या फुकट. ना ढोल-ताशा म्युझिक, ना सूटबूटातला अँकर. नुसते दोन हात, एक स्ट्रॉ, कात्री, आणि टोक कापून फुंकलं की पिपाणी वाजते, अजून थोडी कापली की आवाज चढतो.