अलास्कातील बुश फ्लाइंग

बुश फ्लाइंग म्हणजे जिथे रस्ता पोहोचत नाही आणि बहुतेक वेळा धावपट्टीही नसते अशा मुलखात लहान विमानाने केलेली ये-जा. नदीपात्रातला दगडगोट्यांचा पट्टा, डोंगराची उघडी सोंड, गोठलेले तळे, हिमनदीची पाठ किंवा ओहोटीने उघडी पडलेली पुळण, जिथे जागा सापडेल तिथे विमान उतरवायचे आणि तिथूनच पुन्हा उचलायचे, हा या प्रकाराचा गाभा. उत्तर कॅनडा, पापुआ न्यू गिनीचे डोंगर, अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या दऱ्या अशा अनेक ठिकाणी तो रुजला. पण एका अख्ख्या राज्याचे रोजचे जगणे त्यावर चालते ते अलास्कात, म्हणून ही नोंद मुख्यतः अलास्कापुरती आहे.

अलास्काचे क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौ. किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पट. तिथल्या दर दहा वस्त्यांपैकी आठ वस्त्या रस्त्यांच्या जाळ्याला जोडलेल्याच नाहीत. राजधानी जूनोलाही मोटारीने जाता येत नाही. बोटीने जा, नाहीतर विमानाने. आपल्याकडे एसटी जे काम करते ते तिथे लहान विमान करते. टपाल, किराणा, औषधे, बाळंतपणासाठी शहरात निघालेली बाई, शेजारच्या गावी सामना खेळायला निघालेला शाळेचा संघ, सगळे त्यातूनच जातात. मोठ्या गावांना खडीच्या का होईनात, धावपट्ट्या आहेत. खाणकामगार, शिकारी, भूवैज्ञानिक, गिर्यारोहक यांना मात्र जिथे काहीच नाही तिथे उतरावे लागते, आणि वैमानिकाचा खरा कस तिथे लागतो.

सुरुवातीची वर्षे

२१ फेब्रुवारी १९२४ रोजी कार्ल बेन आयेल्सन या वैमानिकाने फेअरबँक्सहून मॅकग्रा या गावी विमानाने टपाल नेले. विमान होते पहिल्या महायुद्धातले डी हॅविलंड डीएच-४, चाकांऐवजी स्की, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या, बसवलेले. कुत्र्यांच्या गाड्यांना जी वाट कापायला दोन-अडीच आठवडे लागत ती त्याने तीन तासांच्या आत पार केली. टपाल खात्याचा प्रयोग विमानाच्या मोडतोडीमुळे त्याच वर्षी बंद पडला, पण लोकांनी विमान पाहिले होते. त्याच वर्षी जुलैत नोएल वीन याने अँकरेज ते फेअरबँक्स हे पहिले उड्डाण केले.

तरीही विमानावर विश्वास बसायला वेळ लागला. जानेवारी १९२५ मध्ये नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा त्यावरचे औषध, म्हणजे प्रतिविष, विमानाने पाठवावे असा आग्रह झाला होता. फेअरबँक्सची विमाने हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली होती, त्यांची वैमानिकाची जागा उघडी होती आणि थंडी शून्याखाली चाळीस अंशांच्या घरात. गव्हर्नरने कुत्र्यांच्या गाड्या निवडल्या आणि वीस गाडीवानांनी हातोहात ते प्रतिविष सुमारे १,०८५ किमी वाहून नेली. त्या वेळची विमाने पाहता हा निर्णय शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. आयेल्सन स्वतः नोव्हेंबर १९२९ मध्ये, सायबेरियाच्या किनाऱ्यावर बर्फात अडकलेल्या एका जहाजाकडे जाताना, मेकॅनिक अर्ल बोरलंडसह अपघातात मरण पावला.

हिमनदीवर उतरण्याचे तंत्र १९३० च्या दशकात घडले. १९३२ मध्ये जो क्रॉसन याने उत्तर अमेरिकेतील सर्वात उंच डेनाली पर्वताच्या मल्ड्रो हिमनदीवर वैश्विक किरणांचा अभ्यास करणाऱ्या मोहिमेला उतरवले. व्हाल्डेझ या खाडीकाठच्या गावचा बॉब रीव्ह डोंगरमाथ्यावरच्या सोन्याच्या खाणींना माल पुरवी. खाणी हिमाच्छादित, गाव मात्र उन्हाळ्यात कोरडे. मग चाके लावायची की स्की? रीव्हने स्कीच ठेवल्या, त्यांना पोलादी पत्रा मारला आणि ओहोटीच्या वेळी खाडीतल्या चिखलावरून उड्डाण करायला सुरुवात केली. भरती-ओहोटीच्या वेळा हेच त्याचे वेळापत्रक झाले.

जून १९३७ मध्ये त्याने ब्रॅडफर्ड वॉशबर्न आणि रॉबर्ट बेट्स या गिर्यारोहकांना कॅनडाच्या हद्दीतील ल्युकेनिया शिखराच्या पायथ्याशी वॉल्श हिमनदीवर सोडले. हवा अवेळी उबदार झाली होती. विमान पाणीदार झालेल्या बर्फात रुतले आणि काही दिवस निघेना. शेवटी पंख्याच्या पात्यांचा कोन बदलून आणि सगळे अनावश्यक सामान उतरवून रीव्ह कसाबसा उडाला, तो परत आलाच नाही. येणे शक्यही नव्हते. उरलेल्या दोघांनी शिखर सर केले आणि दीडशे किलोमीटरहून अधिक चालत माणसांत पोहोचले. उतरता येणे आणि उडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रसंगाइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

विमान

या कामाला वेगवान विमान निरुपयोगी. हवे असते ते सावकाश उडू शकणारे आणि थोडक्या जागेत उठणारे-बसणारे. पायपर कंपनीचे सुपर कब हे १९४९ पासूनचे विमान याचा नमुना: पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, दोन माणसे एकामागे एक, पुढे १५० अश्वशक्तीचे इंजिन. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, पूर्ण खाली असताना ते ताशी ७० किमीच्या आसपासच्या वेगापर्यंत हवेत टिकते. समोरून जोराचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने ते जेमतेम सायकलच्या वेगाने टेकते. व्हाल्डेझला दर मे महिन्यात भरणाऱ्या स्पर्धेत खास हलकी केलेली विमाने काही फुटांत थांबवून दाखवतात.

तिसरे चाक शेपटीला असते, नाकाखाली नव्हे. त्यामुळे पंखा जमिनीपासून उंच राहतो आणि दगडावर आपटून मोडेल असा नाकाखालचा नाजूक दांडाच उरत नाही. मोबदल्यात असे विमान जमिनीवर धावताना हट्टी असते. पायांनी सतत सावरले नाही तर शेपूट पुढे येऊन ते गरकन फिरते. पुढच्या चाकांना ३१ किंवा ३५ इंच व्यासाचे, अगदी कमी हवेचे फुगीर टायर लावतात, त्यांना टंड्रा टायर म्हणतात. डोक्याएवढा दगडही ते पोटात घेतात, पण त्यांच्या भरवशावर नको तिथे उतरण्याचा मोह होतो, हेही खरे.

मालवाहतुकीत कॅनडाच्या डी हॅविलंडचे बीव्हर अजून मानाचे आहे. पहिले उड्डाण १६ ऑगस्ट १९४७, एकूण १,६०० हून अधिक विमाने बांधली गेली आणि त्यांतली बरीच आजही उडतात. रचना ठरवताना कंपनीने बुश वैमानिकांनाच विचारले होते. म्हणून दरवाजा इतका रुंद, की तेलाचे पिंप लोळवत आत नेता येते. आणि इंजिनात तेल ओतायचे तोंड वैमानिकाच्या जागेजवळ, म्हणजे कडाक्याच्या थंडीत बाहेर न जाता, उडतानासुद्धा तेल भरता येते. सेसना १८० आणि १८५, मोठे ऑटर हीदेखील नित्य दिसणारी विमाने. चाके, स्की आणि फ्लोट (पाण्यावर तरंगण्यासाठीचे पोकळ तराफे) ऋतूप्रमाणे बदलतात.

जमीन वाचणे

अनोळखी जागी कोणी सरळ जाऊन उतरत नाही. पहिली फेरी पाचेकशे फुटांवरून. वारा कुठून आहे ते तळ्यावरच्या लहरींवरून आणि विलोच्या झुडपांच्या उलटलेल्या पानांवरून कळते. येण्याची वाट, जाण्याची वाट आणि बेत फसला तर वळायची जागा याच फेरीत ठरते. दरीत शिरताना मधोमध उडत नाहीत. एका कडेने जातात, म्हणजे मागे वळायला दरीची पूर्ण रुंदी हाती राहते.

दुसरी फेरी खालून, पट्ट्याच्या शेजारून. आता लांबी मोजायची. ताशी १०० किमी वेगाने विमान एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, म्हणजे पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा सेकंद मोजले तर जागा २८० मीटर. वाऱ्याने आकडा फसवू नये म्हणून उलट दिशेनेही मोजतात. याच फेरीत रंग पाहायचा: फिकट, कोरडे गोटे भरवशाचे, गडद पट्टा म्हणजे ओल आणि ओल म्हणजे रुतणे. विलो उगवलेली जागा काही वर्षे पुराबाहेर राहिलेली, म्हणून टणक, पण तिचे खुंट घातक. वरून दगड नेहमी लहान दिसतो. पुरात वाहून आलेले ओंडके वाळूत अर्धे गाडलेले असले की सावलीखेरीज दिसतच नाहीत. म्हणून तिरप्या उन्हाची वेळ बरी.

तिसऱ्या फेरीत चाके नुसती टेकवतात. वजन पंखांवरच ठेवून, इंजिन चालू ठेवून पट्ट्यावरून धावत जायचे आणि उचलायचे, मग वळून येऊन आपल्याच टायरच्या खुणा पाहायच्या. खुणा कोरड्या आणि उथळ असतील तर पुढे विचार. खुणेत पाणी चमकले तर ती जागा सोडून द्यायची, खाली वाट पाहणारे कोणीही असो.

यानंतरही एक प्रश्न उरतो आणि जाणता वैमानिक तो सगळ्यात आधी विचारतो: इथून परत उडता येईल का? भरलेल्या विमानाला उतरण्यापेक्षा उठायला बहुधा जास्त जागा लागते. उंचीवर आणि उन्हात हवा विरळ होते, पंखांची उचल आणि इंजिनाची ताकद दोन्ही घटतात. सकाळी पुरलेली जागा दुपारी पुरत नाही. हिमनद्यांतून येणाऱ्या नद्यांना तर उन्हाने वितळलेल्या बर्फाचे पाणी संध्याकाळपर्यंत चढते, पट्टा स्वतःच आखूड होतो. म्हणून उतरल्यावर वैमानिक पट्टा पायी चालून पाहतो, मोठे दगड बाजूला फेकतो, मऊ जागेवर रंगीत फडके बांधतो आणि निम्म्या अंतरावर खूण करतो. त्या खुणेपर्यंत उड्डाणाला लागणाऱ्या वेगाच्या सत्तर टक्के वेग आला नाही तर धाव तिथेच सोडायची, हा सर्वत्र पाळला जाणारा ठोकताळा आहे. मग शिकारीचे मांस आणि माणसे एका खेपेऐवजी दोन खेपांत निघतात.

उतार असेल तर चढावर उतरतात आणि उताराकडे उडतात. काही जागा डोंगराच्या पोटात अशा असतात, की एका टप्प्यानंतर पुन्हा वर जाणे शक्यच नसते. तिथे निर्णय तो टप्पा येण्याआधी पक्का हवा.

बर्फ आणि पाणी

ढगाळ दिवशी हिमनदीवर सावल्या नसतात. आकाश आणि बर्फ एकच पांढरे दिसतात आणि जमीन दहा फुटांवर आहे की शंभर, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून जुने वैमानिक आधी वरून स्प्रूस झाडाच्या फांद्या किंवा काळी पोती टाकत आणि त्यांच्या आधाराने उतरत. स्की थांबल्या की गोठून बर्फाला चिकटतात, तेव्हा त्या लाकडी ओंडक्यांवर चढवून ठेवायच्या. रात्री इंजिनातले तेल काढून झोपडीत न्यायचे. सकाळी इंजिनावर ताडपत्री टाकून खाली स्टोव्ह पेटवायचा आणि तापवलेले तेल परत ओतायचे. डेनालीच्या कहिल्टना हिमनदीवर १९५१ मध्ये टेरिस मूर याने सुपर कबमधून वॉशबर्नला उतरवले. आज टॉकीटना गावातून त्याच हिमनदीवर गिर्यारोहक रोज उतरतात, आणि सात खंडांची शिखरे गाठू पाहणारे महाराष्ट्रातले गिर्यारोहकही त्याच वाटेने जातात.

पाण्याची अडचण उलटी. वारा पडून तळे आरशासारखे झाले की उंची कळत नाही. तेव्हा किनाऱ्याजवळून, किनाऱ्याकडे नजर ठेवत, अगदी मंद गतीने खाली येत राहायचे आणि फ्लोट टेकण्याची वाट पाहायची. १९५५ मध्ये टॉकीटनाच्या डॉन शेल्डनने सुसिटना नदीच्या डेव्हिल्स कॅन्यनमध्ये बोट फुटून अडकलेल्या लष्करी जवानांना एरोंका सेडान या फ्लोट विमानातून सोडवले. धबधबत्या पाण्यात तो वरच्या अंगाला उतरला, नाक प्रवाहाकडे ठेवून इंजिनाच्या जोरावर विमान मागे मागे वाहू देत जवानांपर्यंत आला. त्यांना घेऊन तिथून उडणे अशक्य होते. म्हणून तसाच उलटा वाहत शांत पाण्यापर्यंत गेला आणि मग उडाला. हे त्याने एकदा नाही, फेऱ्या घालून केले.

धोका आणि कायदा

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० मध्ये नोंदवले, की २००८ ते २०१७ या काळात अलास्कातील विमान अपघातांचे प्रमाण उरलेल्या देशाच्या २.३५ पट होते. कारणे बरीचशी जुनीच: ढगांखालून रेटत जाताना डोंगर आडवा येणे, जादा वजन, मागून आलेला वारा. एका प्रकाराला तिथे वेगळे नावच पडले आहे, मूस स्टॉल. खाली मूस हरीण दिसले की वैमानिक त्याच्याभोवती खालून घट्ट वळण घेतो, नजर प्राण्यावर असते, वेग उतरतो, पंखांची उचल तुटते आणि सावरायला उंची नसते. अशा मृत्यूंना धाडसाची झळाळी देणे चूक आहे. त्यांतले बहुतेक टळण्यासारखे असतात. खिंडींत बसवलेले हवामान कॅमेरे आणि बेथेल परिसरात १९९९ पासून झालेल्या उपग्रहाधारित मार्गदर्शनाच्या प्रयोगाने फरक पडला, तो याच कारणाने: निघण्यापूर्वीच खिंड बंद असल्याचे दिसते आणि नकार देणे सोपे जाते.

राज्याच्या कायद्याने विमानात आठवडाभर पुरेल एवढी शिधा, कुऱ्हाड, प्रथमोपचार पेटी, मासे पकडण्याचे गळ आणि दोरा, विस्तव पेटवण्याची साधने, इशारा देण्याची साधने आणि प्रत्येकासाठी डासांची जाळी ठेवणे बरीच वर्षे बंधनकारक होते. हिवाळ्यात त्यात बर्फावर चालायची पादत्राणे, झोपायची पिशवी आणि लोकरी घोंगडी यांची भर पडे. बहुतेक मोठ्या प्राण्यांची शिकार विमानाने उतरल्याच्या दिवशी करता येत नाही, दुसऱ्या दिवसाच्या पहाटे तीनपर्यंत थांबावे लागते; वरून सावज हेरून लगेच मारण्याला यामुळे आळा बसतो.

देशाच्या इतर भागांत १९६४ च्या वन्यभूमी कायद्याने संरक्षित रानात विमान उतरवायला जवळजवळ बंदी आहे. अलास्कात मात्र १९८० च्या भूसंवर्धन कायद्याने पारंपरिक वापर म्हणून लहान विमानांना राष्ट्रीय उद्यानांतही उतरण्याची मुभा ठेवली; हेलिकॉप्टरला ती नाही. मूलनिवासींच्या महामंडळांची जमीन खासगी असल्याने तिथे त्यांची परवानगी घ्यावी लागते.