फोर बाय फोर असूनही जीप दगडात का अडकते?

मागच्या रविवारी पाटणच्या बाजूला मित्राच्या रानातल्या ओढ्यात आम्ही चौघं दोन जीपा घेऊन गेलो होतो, पाणी आटलेलं, तळाला नुसते काळे धोंडे, काही गुडघ्याएवढे. तिसऱ्याच धोंड्यावर पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक उचललं गेलं आणि गाडी थांबली. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर, लावलेलं, इंजिन ओरडतंय, हवेतली दोन चाकं गरागरा फिरतायत आणि दगडावर घट्ट बसलेली दोन तसूभरही हलत नाहीत. संत्या ओरडला, "आरं अजून रेस दे की लगा!" पण रेस देऊन काही होणार नव्हतं, आणि ते का हे मला फार भारी वाटतं म्हणून लिहितोय.

कारण आहे डिफरेन्शियल. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं तर एक पूर्ण गोल मारताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ साडेनऊ मीटर जास्त जातं, गोल लहान असो की मोठा, फरक तेवढाच. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडली तर टायर घासत जाणार, म्हणून मध्ये ही गिअरची जुळणी घातली, ती दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. पण फिरवायचा जोर, म्हणजे टॉर्क, ती दोघांना सारखाच वाटते. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतो कितीसा? मग दगडावरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. पुढं एक डिफरेन्शियल, मागं एक, आणि दोन्हीकडं एकेक चाक लटकलेलं, मग फोर बाय फोर काय करणार!

आपल्याकडं ऊस ओढणाऱ्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला हे माहीत असतं. एक चाक चिखलात फिरायला लागलं की तो डिफ लॉकचा पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात आणि जोर पकड असलेल्या चाकाकडं जातो, फक्त लॉक लावून वळायचं नाही. काही नवीन जीपांत कॉम्प्युटर नुसत्या फिरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावतो, त्या चाकाला फिरणं जड झालं की दुसऱ्यालाही जोर मिळतो. आमच्या गाडीत दोन्ही नव्हतं.

मग आम्ही इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, लटकलेल्या चाकांखाली चपटे दगड रचले आणि टायरची हवा 30 पीएसआयवरून 18 वर आणली. एका चाकावर 400 किलो भार धरला तर ढोबळ हिशोबाने टायर जमिनीला टेकतो तो भाग साधारण 190 चौरस सेंटिमीटरवरून 315 च्या आसपास जातो. पण नुसता आकार वाढतो असं नाही, मऊ पडलेलं रबर दगडाच्या कंगोऱ्यावर अक्षरशः पसरतं, त्याला मिठी मारतं, आणि पकड तिथं येते. आपल्या ओढ्यातला बेसॉल्ट पाण्याने घासून गुळगुळीत झालेला, पाचगणीच्या जांभ्यासारखा खरबरीत नाही, त्यामुळं इथं हे जास्तच लागतं.

मग लो रेंज लावलं. यात चाकाचा वेग अर्ध्याहून कमी होतो आणि जोर त्याच पटीत वाढतो, म्हणजे क्लच न जाळता मुंगीच्या चालीने चढता येतं. चाक घसरायला लागलं की घर्षण कमी होतं, म्हणून ते फिरूच द्यायचं नाही. संत्या पुढं उभा राहून हाताने "डावीकडं, अजून थोडं" करत होता, टायर दगडावर हळूच चपटं झालं, एकदा कचकच वाजलं आणि जीप वर आली.

हायवेला लागायच्या आधी पंप लावून हवा परत 30 केली, कारण कमी हवेत जोरात पळवलं तर टायरच्या बाजू वाकून वाकून तापतात आणि फुटू शकतात.