88 चं 95 झालं, मग 107 चं 124: टूरिंग हार्लीच्या बिग बोअर किटची पार्श्वभूमी

आधी आपली बुलेट घ्या. जुन्या 350 चा बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, 70 मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरखाली जातो ते अंतर, 90. पुढे 500 आली तरी स्ट्रोक तोच, बोअर फक्त 84 झाला, आणि 2013 ची कॉन्टिनेन्टल जीटी 535 निघाली ती बोअर 87 करून. स्ट्रोकला हात न लावता पिस्टन मोठा करायचा, बिग बोअर म्हणजे एवढंच. सीसी काढायच्या सूत्रात व्यासाचा वर्ग येतो त्यामुळे तीन मिमीनेसुद्धा सीसी चांगलीच वाढते.

पण किट आणून गाडी वाढवायचा नाद खरा मुरला तो अमेरिकेत, हार्लीच्या टूरिंग गाड्यांवर. लोकांना वाटतं हे टॉप स्पीडसाठी करतात, तसं अजिबात नाहीये. इलेक्ट्रा ग्लाइड आली 1965 ला, मग तिला मोठं फेअरिंग, म्हणजे पुढचं वारा अडवणारं कव्हर, लागलं, बॉक्स लागले, रेडिओ आला, मागे बायको आणि आठवड्याचं सामान, गाडी जड होत गेली पण इंजिन त्या मानाने हळूहळूच वाढलं. 1984 चं एव्होल्यूशन 1340 सीसीचं होतं आणि टूरिंगला ते 1998 पर्यंत चाललं! चढावर लोड घेऊन ट्रक ओव्हरटेक करताना गिअर न पाडता गाडीने खेचावं, खालच्या आरपीएमला टॉर्क, म्हणजे खेचायची ताकद, मिळावा, ही त्या रायडरची साधी गरज होती.

ही गरज आधी ओळखली हार्लीच्या बाहेरच्या लोकांनी. एसअँडएस ही कंपनी 1958 ला इलिनॉयमध्ये सुरू झाली, जॉर्ज स्मिथ आणि स्टॅन्ली स्टँकोस यांची, सुरुवात हलक्या पुशरॉडपासून, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांपासून. पुढे त्यांचे स्ट्रोक वाढवणारे स्ट्रोकर फ्लायव्हील गाजले. पण स्ट्रोक वाढवायचा म्हणजे क्रँककेस फोडायची, आपल्या मेकॅनिकच्या भाषेत फुल इंजिनचं काम. ते सगळ्यांना कुठे परवडणार.

चित्र बदललं हार्लीच्या नव्या ट्विन कॅम 88 इंजिनने, 1999 मॉडेलला. 88 म्हणजे क्युबिक इंच, आपल्या हिशोबात 1450 सीसी. बोअर 3.75 इंच होता, तो 3.875 केला की झालं 95, म्हणजे साधारण 1550 सीसी. हेड उतरवा, सिलेंडर-पिस्टन बदला, खालचं काही उघडायचं नाही, हाफ इंजिनमध्ये काम संपलं. हे किट कंपनी स्वतःच स्क्रीमिन ईगल नावाने विकायची.

आणि मला सगळ्यात आवडतो तो भाग पुढे आहे. 2007 ला स्ट्रोक वाढवून स्टॉक, म्हणजे कंपनीतून येणारं, इंजिन 96 झालं, मग त्यावर तोच किटवाला 3.875 चा बोअर बसवून 103, आणि 2012 ला सगळ्या टूरिंग गाड्यांना 103 स्टॉकच आलं. म्हणजे जे आधी लोक खिशातले पैसे घालून करत होते तेच कंपनीने शोरूममधून द्यायला सुरुवात केली. नंतरच्या मिलवॉकी-एट इंजिनचं पण तेच, 2017 मॉडेलला 107, त्याचा बोअर 4.25 इंच केला की 124. आणि 2024 ला नवीन स्ट्रीट ग्लाइड, रोड ग्लाइड सरळ 117 घेऊनच आल्या.

फक्त बोअर वाढवून भागत नाही, पेट्रोल-हवेचं मॅपिंग पण बदलावं लागतं नाहीतर इंजिन लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालतं आणि तापतं, आणि इथेच सरकार मधे आलं. 2016 ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याशी हार्लीने तडजोड केली, मॅपिंग बदलून प्रदूषण वाढवणारे ट्यूनर विकल्याबद्दल 1 कोटी 20 लाख डॉलर दंड मान्य केला आणि तसले ट्यूनर विकणं थांबवलं. तेव्हापासून किट घेताना ते उत्सर्जनाच्या नियमात बसतं का हे आधी बघावं लागतं.

आपल्याकडे तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सीसी आरसीवर असते. त्यामुळे इथे कुणाला 117 चा टॉर्क हवा असेल तर गाडीच 117 ची घ्या.