पाळतीचा कायदा आणि खासगीपणाचा हक्क : १८८५ पासूनची पार्श्वभूमी

३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक दुरुस्ती मांडली. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या या सदस्याचे म्हणणे असे की, नागरिकाच्या अंगाची, घराची आणि कागदपत्रांची झडती वाजवी कारणाशिवाय घेता येणार नाही, हे संविधानातच लिहिलेले असावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही दुरुस्ती उपयुक्त ठरवली. अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे खरी, परंतु उद्याचे एखादे विधिमंडळ ती काढून टाकू शकेल, म्हणून ती विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तरीही दुरुस्ती फेटाळली गेली. त्याआधी १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या मसुद्यातून पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्कही वगळण्यात आला होता. पोलिसांच्या तपासात अडथळा येईल, ही भीती त्यामागे होती. आपल्या मोबाइलवरील संभाषण, बँकेचे व्यवहार आणि बोटांचे ठसे यांना आज जे अपुरे संरक्षण मिळते, त्याची मुळे शोधताना मला वारंवार याच वगळलेल्या ओळींपाशी यावे लागते.

संरक्षणाची ओळ वगळली गेली, पण पाळतीची ओळ मात्र राहिली. १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या कारणासाठी संदेश अडवण्याचा व पाहण्याचा अधिकार सरकारला दिला होता. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती, आणि कायदा करणारे सरकार जनतेला उत्तरदायी नव्हते. स्वातंत्र्यानंतर ही तरतूद रद्द झाली नाही. १९७२ मध्ये तिला देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्यास चिथावणी रोखणे या पाच कारणांची चौकट मिळाली आणि लेखी कारणे देण्याची अटही आली. मात्र परवानगी मागणारे सरकार आणि देणारेही सरकारच, ही मूळ रचना तशीच राहिली.

न्यायालयांनीही सुरुवातीला नागरिकाला आधार दिला नाही. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींच्या पीठाने, अवाजवी झडतीला मनाई करणाऱ्या अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीसारखी तरतूद आपल्या संविधानात नसल्याने झडतीविरुद्ध खासगीपणाचा हक्क सांगता येत नाही, असे म्हटले. १९६२ चा खरक सिंग खटला तर आजही अस्वस्थ करतो. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसाची उत्तर प्रदेश पोलिसांनी ‘हिस्ट्री शीट’, म्हणजे पाळतीसाठीची नोंदवही, उघडली होती. रात्री-अपरात्री पोलीस दारावर यायचे, हाका मारून झोपेतून उठवायचे, माणूस घरात आहे की नाही याची खातरजमा करून निघून जायचे. गावाबाहेर जायचे तर कुठे आणि किती दिवस, हे कळवावे लागे. सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींनी रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण उरलेली पाळत कायम ठेवली आणि खासगीपणा हा संविधानाने हमी दिलेला हक्क नाही, असे बहुमताने सांगितले. न्या. सुब्बा राव यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. आपल्यावर सतत कोणाची तरी नजर आहे, या जाणिवेनेच माणसाचे मन बांधले जाते आणि अशा माणसाला स्वतंत्र म्हणता येत नाही, हा त्यांच्या मताचा गाभा होता. इंटरनेटचा मागमूसही नव्हता तेव्हा लिहिलेले हे मत आजच्या स्थितीला त्या बहुमतापेक्षा कितीतरी जवळचे वाटते.

फोन टॅपिंगचा प्रश्न मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात पोचला. मुंबईच्या कोरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, लाच मागितल्याचा आरोप होता आणि पुरावा होता तो टेलिफोनवरील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाचा. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७२ मध्ये न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. निर्दोष नागरिकाच्या संभाषणाला न्यायालय संरक्षण देईल, पण दोषी माणसाला ते मिळणार नाही, असेही सांगितले. दोषी कोण हे ठरण्याआधीच संभाषण ऐकून झालेले असते, ही या विधानातील अडचण.

पुढच्या दोन दशकांत टॅपिंग हा राजकारणातला उघड विषय झाला. १९८८ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना याच आरोपांवरून पद सोडावे लागले. पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या याचिकेवर १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनवरील संभाषण हा खासगी जीवनाचा भाग मानला आणि नियम घालून दिले. आदेश गृहसचिवाने द्यावा, त्याला मुदत असावी आणि सचिवांच्या समितीने त्याचे पुनर्विलोकन करावे, असे ते नियम होते. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी हवी, ही याचिकाकर्त्यांची मागणी मात्र मान्य झाली नाही. २००७ मध्ये हे नियम तार नियमावलीत आले. व्यवहारात काय घडले, हे पुढे माहिती अधिकारातील एका उत्तरावरून दिसले : एकटे केंद्र सरकार महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० टॅपिंग आदेश काढत होते. समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा, म्हणजे दर बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश. इतक्या आदेशांची खरी तपासणी होणे शक्य नाही, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर महिन्याभराच्या आत संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती फारशी चर्चा न होता मंजूर केली. हल्ल्याच्या जखमा ताज्या होत्या, त्यामुळे ही घाई समजण्यासारखी आहे; पण तिचे परिणाम दूरवर गेले. नव्या ६९ व्या कलमात तार कायद्यातील ‘सार्वजनिक आणीबाणी’ची अट नाही, कोणत्याही गुन्ह्याचा तपास हे कारण पुरते, आणि सांकेतिक मजकूर उलगडून देण्यास नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे १८८५ चा कायदा टेलिफोनला जेवढे संरक्षण देत होता, तेवढेही ईमेलला उरले नाही. शिवाय संभाषण न ऐकताही बरेच कळते. सीडीआर म्हणजे कॉलच्या नोंदींचा एक कागद पाहिला तरी कोणी कोणाला, किती वाजता, किती सेकंद आणि कोणत्या टॉवरच्या हद्दीतून फोन केला हे दिसते. रात्री अकराला डॉक्टरला, लगेच बहिणीला आणि सकाळी वकिलाला केलेला फोन एवढ्यावरूनही त्या घरात काय चालले असेल, याचा अंदाज बांधता येतो.

याच काळात दुसरी यंत्रणा उभी राहत होती. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळांची प्रतिमा घेणाऱ्या या योजनेला तेव्हा कायद्याचा आधारच नव्हता. तो २०१६ मध्ये आला. कष्टाने ठसे झिजलेल्या बाईला आज रेशन दुकानातील ई-पॉस मशिनवर अंगठा पुसून पुसून पुन्हा दाबावा लागतो, आणि त्या प्रत्येक दाबण्याची नोंद कुठेतरी होत असते.

आधारला कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आव्हान दिले. त्यावर २०१५ मध्ये केंद्र सरकारची बाजू मांडणाऱ्या महान्यायवादींनी १९५४ आणि १९६२ च्या निकालांचा आधार घेत, खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असा युक्तिवाद केला. विसरल्यासारखे वाटणारे निकाल असे पुन्हा जिवंत झाले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने ते निकाल त्या मर्यादेत रद्द ठरवले आणि खासगीपणा हा जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचा अंगभूत भाग असल्याचे घोषित केले. या हक्कात हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी आली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात, आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही असे सांगणाऱ्या ज्या निकालात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड सहभागी होते, तो चुकीचा असल्याचेही स्पष्टपणे लिहिले.

या कसोटीचा ठोस वापर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये केला. लाचखोरीच्या एका प्रकरणात केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेले तीन टॅपिंग आदेश न्यायालयाने रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले, कारण तेथे आणीबाणीही नव्हती आणि सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नही नव्हता. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने नागरिकांच्या फोनवर पाळत ठेवल्याच्या आरोपांच्या प्रकरणात मात्र हाती फारसे लागले नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, त्यांपैकी पाचमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगाससच असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीने म्हटल्याचे ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनी न्यायालयात सांगितले.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल व विधेयकाचा मसुदा दिला. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. कंपन्यांना तो संमती घेण्यास आणि माहिती फुटल्यास कळवण्यास बांधतो. मात्र केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून सूट देऊ शकते, आणि तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्यही केंद्र सरकारच नेमते.

त्याच वर्षाच्या दूरसंचार कायद्याने १८८५ च्या कायद्याची जागा घेतली. त्याच्या विसाव्या कलमात ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हेच शब्द पुन्हा आले. डिसेंबर २०२४ च्या नियमांत आदेश देणारे गृहसचिव आणि तो तपासणारी सचिवांची समिती, हीच रचना कायम आहे. त्या समितीत न्यायाधीश नाही. ज्याचा फोन ऐकला गेला त्याला निदान नंतर तरी तसे कळवावे, ही तरतूद १८८५ च्या कायद्यात नव्हती आणि २०२४ च्या नियमांतही नाही.