दोन पावसाळे टिकणारा टाइम-लॅप्स

टाइम-लॅप्स म्हणजे ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेली फीत. तिच्यात दोन वर्षांचे बांधकाम तीन मिनिटांत दाखवायचे, तर कोणता कॅमेरा घ्यायचा यापेक्षा तो कुठे आणि कसा बसवायचा हा प्रश्न मोठा असतो. पाया खणायच्या आधी लावलेला कॅमेरा रंगकाम संपेपर्यंत तसूभरही हलता कामा नये. गोव्यात त्याला मध्ये दोन पावसाळे, खारे वारे आणि चिऱ्याची लाल धूळही सोसावी लागते.

आधी हिशेब. सेकंदाला २५ चित्रांप्रमाणे तीन मिनिटांना ४,५०० चित्रे लागतात, म्हणजे ७३० दिवसांत रोजची सहा पुरे. तरीही सकाळी ८ ते संध्याकाळी ६ दर दहा मिनिटांनी एक फोटो घ्यावा. रोजचे ६० धरून ४३,८०० फोटो होतात. एक फोटो सरासरी ८ एमबीचा धरला, तर सगळे साधारण ३५० जीबीत मावतात. धुके, पाऊस, काचेवरचे थेंब यामुळे बरेच फोटो टाकून द्यावे लागतात, तेव्हा ही उधळपट्टी नव्हे. अंतर एका मिनिटावर आणले, तर मात्र आकडा ४ लाख ३८ हजारांवर जातो आणि साध्या डीएसएलआरचे यांत्रिक शटर साधारण एक लाख वेळा उघडझाप करण्याच्या बेताने बनवलेले असते. स्लॅबच्या दिवसासाठी दुसरा कॅमेरा आणून दहा सेकंदांचे अंतर ठेवावे.

जागा शेजारच्या इमारतीच्या काँक्रीट खांबावर किंवा भक्कम भिंतीवर शोधावी. परांची महिन्याभरात उतरते. माड वाऱ्याने डोलतो. उंच लोखंडी खांबाची उन्हातली बाजू जास्त प्रसरण पावते, त्यामुळे खांब दिवसभरात किंचित वाकतो आणि फितीत इमारतच डुलताना दिसते. चौकटीत पूर्ण झालेल्या इमारतीची उंची आणि वर क्रेनपुरते आकाश पहिल्याच दिवशी मोकळे ठेवावे.

कॅमेऱ्याचे तोंड शक्यतो उत्तरेकडे हवे, म्हणजे वर्षातला बहुतेक काळ सूर्य पाठीमागे राहतो. मात्र गोवा साधारण साडेपंधरा अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचे ऊन काचेवर तिरके पडते. काचेभोवती दोन्ही बाजूंनी खोल आडोसा लावला की ही अडचण सुटते.

खरा शत्रू बाहेरचा पाऊस नव्हे, कॅमेरा ठेवलेल्या पेटीच्या आतले दव आहे. दिवसा पेटीतली हवा तापून फटींतून बाहेर पडते, रात्री गार होताना दमट हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात यातूनच लेन्सवर बुरशी चढते. म्हणून आयपी-६६ प्रतीच्या, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा अडवणाऱ्या, पेटीला पाणी अडवणारा, हवा सोडणारा व्हेंट खालच्या बाजूने बसवावा आणि आत ओलावा शोषणारे १०० ग्रॅम सिलिका जेल ठेवावे. निळे दाणे गुलाबी झाले की बदलावेत. व्हेंटवर बारीक जाळी हवीच, नाहीतर कुंभारीण माशी तिथे मातीचे घर बांधते. केबल पेटीखालून आत घ्यावी आणि तिला आधी खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. किनाऱ्याजवळ बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचेच घ्यावेत.

कॅमेरा, टायमर आणि मोडेम मिळून सरासरी दीड वॅट धरले, तर दिवसाला ३६ वॅट-तास लागतात. जुलैतल्या काळोख्या दिवसांत २० वॅटचे सौर पॅनेल तेवढे देत नाही. ४० वॅटचे पॅनेल आणि १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, तर अजिबात ऊन नसतानाही पाच-सहा दिवस निभावतात.

फोकस हाताने लावून रिंगवर टेप चिकटवावी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, 'डेलाइट'वर पक्का करावा, लेन्सचे छिद्र एफ/८ वर ठेवावे आणि शटरचा वेग कॅमेऱ्याला ठरवू द्यावा. तरी फीत लुकलुकते, कारण छिद्राची पाती दर वेळी अगदी तेवढीच मिटत नाहीत. हा फरक लुकलुक घालवणाऱ्या डीफ्लिकर सॉफ्टवेअरने काढता येतो.

फोटोंची शेवटची निवड घड्याळ पाहून करावी. गोव्यात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी दुपारी साडेबाराच्या जरा पुढे. त्या सुमाराला सावल्या आखूड असतात, म्हणून रोजची सहा चित्रे बारा ते एकच्या दरम्यानची घेतली, तर फितीत सावल्या फारशा उड्या मारत नाहीत. मात्र कॅमेऱ्यातले घड्याळ वर्षभरात काही मिनिटे चुकू शकते, तेव्हा दर महिन्याला काच पुसायला जाल तेव्हा तेही जुळवून घ्या.