पेशीच्या अंगावरचं जायफळ

पावसाळ्यात गोव्यात फोंड्याच्या बाजूला, सावईवेऱ्यातल्या एखाद्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागायतीत, गेलात तर जायफळाची पिवळी फळं झाडावरच उकललेली दिसतात. आत काळपट बी आणि तिला वेढलेली लालभडक जायपत्री. आमच्याकडे फळाच्या गराचं लोणचं होतं, जायपत्री उन्हात सुकते आणि बी सहाणेवर उगाळून पोरांच्या सर्दीपडशाला लावली जाते. या बीमध्ये चरबी पुष्कळ असते. १८४१ साली लायन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञाने त्या चरबीतून एक मेदाम्ल वेगळं केलं. जायफळाच्या झाडाचं शास्त्रीय नाव मिरिस्टिका, म्हणून त्याचं नाव पडलं मिरिस्टिक आम्ल. चौदा कार्बन अणूंची एक सरळ साखळी, एवढाच त्याचा पसारा.

ही साखळी आपल्या शरीरातही आहे, आणि तिथे तिचं काम चवीपेक्षा फार मोठं आहे. पेशी काही प्रथिनं तयार करते आणि त्यांना अशी मेदाची शेपटी जोडते. त्या शेपटीवरून ठरतं की प्रथिन पेशीत कुठे उभं राहणार, कोणाच्या शेजारी उभं राहणार आणि बाहेरून आलेल्याला ते भेटणार की नाही.

आधी पेशीपटलाकडे, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाकडे पाहू. त्याची जाडी साधारण पाच नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या पाचपट. मेदाच्या रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे असतात, त्यामुळे पटलाचा गाभा तेलकट असतो. त्यात प्रथिनं तरंगतात, सरकतात. सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ मध्ये मांडलेलं हे चित्र मुळात आजही टिकून आहे. फक्त ते तेल सगळीकडे सारखं पातळ नसतं, हे नंतर कळलं.

ते समजायला जानेवारीतली सकाळ पुरे. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपास थिजतं, म्हणून थंडीत आई बाटली उन्हात ठेवते. खोबरेलातली बहुतेक मेदाम्लं संपृक्त असतात. त्यांच्या साखळ्या सरळ असतात, त्यामुळे माडाच्या हिरांची जुडी बांधावी तशा त्या एकमेकींना चिकटून बसतात. शेंगदाण्याच्या तेलात बऱ्याच साखळ्यांना मध्येच वाक असतो, त्यांची जुडी नीट बसत नाही, म्हणून ते त्याच थंडीत पातळ राहतं. पेशीपटलात दोन्ही तऱ्हेच्या साखळ्या आहेत, शिवाय कोलेस्टेरॉल आहे. सरळ साखळ्या आणि कोलेस्टेरॉल जिथे जवळ येतात तिथे पटल जरा दाट, जरा जाड होतं. कै सायमन्स आणि एलिना इकोनेन यांनी १९९७ मध्ये अशा दाट जागांना तराफे म्हटलं. हे तराफे केवढे असतात आणि किती वेळ टिकतात यावर जोरदार वाद झाले. दाट आणि पातळ जागांचा फरक मात्र खरा आहे, आणि सरळ मेदाची शेपटी असलेलं प्रथिन दाट जागेकडे ओढलं जातं.

शेपट्या तीन-चार प्रकारच्या असतात. जायफळवाली, म्हणजे मिरिस्टिक शेपटी, प्रथिनाच्या अगदी सुरुवातीला ग्लायसिन या अमिनो आम्लावर बसते आणि सहसा कायमची असते. एचआयव्हीच्या गॅग प्रथिनाला ती लागते. ती नसेल तर गॅग पटलाच्या आतल्या बाजूला पोहोचत नाही आणि नवे विषाणू बाहेर पडत नाहीत. पामिटिक आम्लाची सोळा कार्बनची शेपटी मला जास्त विलक्षण वाटते, कारण ती पेशीला काढता-घालता येते. माणसात ती जोडणारी तेवीस विकरं आहेत आणि काढणारी वेगळी. एकच प्रथिन थोडा वेळ पटलाला चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो: हे आम्ल पेशी स्वतः बनवू शकते, त्यामुळे कुठलं तेल खाल्लं की प्रथिनांच्या शेपट्या सुधारतील असा अर्थ यातून कोणी काढू नये.

प्रथिनाला मेदाम्ल जोडलेलं असतं हे श्मिट आणि श्लेसिंजर यांनी १९७९ मध्ये एका विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनावर दाखवलं. चाळीस वर्षांनी तीच गोष्ट करोनाच्या बाबतीत पुढे आली. ज्या काट्यांनी करोनाचा विषाणू आपल्या पेशीला पकडतो, त्या प्रत्येक काट्याचं शेपूट विषाणूच्या पटलाच्या आत असतं. त्या शेपटात सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाच्या दहा जागा आहेत, आणि आपल्याच पेशीतली विकरं तिथे मेदाम्ल चिकटवतात. २०२१ मध्ये झालेल्या प्रयोगांत ही मेदाम्लं काढून टाकल्यावर विषाणूची लागण करण्याची ताकद घटली. काट्याचं बाहेरचं टोक, आपल्या पेशीला भिडणारं, जसंच्या तसं होतं. बदल फक्त आतल्या बाजूला होता. पेशींची गाठभेट बाहेर होते, तिची तयारी आत होते, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित सापडतो.

पटलाच्या बाहेरच्या बाजूची मोठी शेपटी म्हणजे जीपीआय. प्रथिन, मग साखरेच्या रेणूंचा दोर, आणि शेवटी पटलाच्या फक्त बाहेरच्या थरात रुतलेल्या दोन मेदसाखळ्या. मालीमच्या जेटीवर खुंट नदीच्या तळात ठोकलेले असतात आणि होड्या नांगर टाकून उभ्या असतात. पटलातून आरपार गेलेली प्रथिनं त्या खुंटांसारखी, जीपीआयवाली होड्यांसारखी. माणसाच्या पेशींवर अशी दीडशेच्या आसपास प्रथिनं आहेत. जीपीआय बनताना त्यातली एक साखळी वाकडी असते. पेशी ती पुढच्या टप्प्यात काढून सरळ साखळी बसवते. म्हणजे खोबरेलासारखं थिजण्याकडे झुकणारं टोक पेशी मुद्दाम घडवते.

अफ्रिकेत निद्रारोग घडवणाऱ्या ट्रिपॅनोसोम या एकपेशीय परजीवीचा अंगरखा अशाच जीपीआयवर उभा असतो, आणि त्याच्या नांगराच्या दोन्ही साखळ्या चौदा कार्बनच्या, म्हणजे मिरिस्टिक आम्लाच्या असतात. जीवशास्त्रज्ञ सत्यजित मेयर यांनी पीएचडीला याच नांगराच्या घडणीवर काम केलं. पुढे बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जीपीआय प्रथिनं पटलावर सगळीच एकेकटी विखुरलेली नसतात, काही दोन-चारच्या चिमुकल्या घोळक्यांत असतात. होडी पाण्यावर, हलवणारा मात्र पाण्याखाली: पेशीच्या आत ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांची हालचाल चालते, आतल्या थरातला लांब साखळीचा मेद तिच्याशी जोडला जातो, आणि त्याची साखळी बाहेरच्या जीपीआयच्या सरळ साखळीला पटलाच्या मध्यावर भेटते. २०१५ चं हे काम वाचल्यावर मला पहिल्यांदा पटलं की मेदाची लांबीसुद्धा पेशीसाठी भाषा असू शकते.

हा नांगर बनला नाही तर काय होतं? पीएनएच नावाच्या रक्ताच्या दुर्मीळ आजारात हेच घडतं. अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत पिग-ए हे जनुक बिघडतं. हे जन्मजात नसतं, आयुष्यात मध्येच होतं. जीपीआयच्या बांधणीची पहिलीच पायरी त्या जनुकावर अवलंबून असते. ते एक्स गुणसूत्रावर असतं, आणि पेशीत एकच एक्स चालू असतो, म्हणून एकाच घावात काम थांबतं. किनोशिता आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे कारण शोधलं. त्या मूळपेशीपासून बनलेल्या तांबड्या पेशींवर सीडी ५५ आणि सीडी ५९ ही दोन प्रथिनं नसतात. आपल्याच प्रतिकारयंत्रणेतल्या पूरक प्रथिनांना ही दोन प्रथिनं थोपवून धरतात: 'ही आपली पेशी आहे.' ती नसली की पूरक प्रथिनं त्या पेशींना भोकं पाडतात. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं आणि सकाळी लघवी काळपट तांबडी दिसते. रक्तात गाठीही होतात, आणि जिवाला मोठा धोका त्यांचाच.

निदानाची एक पद्धत तर थेट नांगरच शोधते. एरोमोनास हा जीवाणू जे विष सोडतो ते जीपीआयला जाऊन चिकटतं. त्या विषाचं निरुपद्रवी रूप करून त्याला चमकणारा रंग जोडतात. रक्ताच्या पांढऱ्या पेशी चमकल्या की नांगर आहे, काळ्या राहिल्या की नाही. २००७ पासून एक्युलिझुमॅब हे औषध मिळतं. ते पूरक प्रथिनांच्या साखळीतलं सी ५ हे प्रथिन अडवतं, नांगर मात्र परत आणत नाही. सीडी ५५ शुद्ध करून तांबड्या पेशींसोबत मिसळलं तर ते आपणहून पटलात रुततं आणि पेशीला वाचवतं, हे १९८४ मध्येच दिसलं होतं. त्या दोन साखळ्यांना पटल पुन्हा सापडतं.

आपल्या ओळखीचा मलेरियाही याच नांगरावर चालतो. पणजीच्या बांधकामांवरच्या पाण्याच्या टाक्यांत वाढणारा अ‍ॅनोफेलिस स्टेफेन्सी डास चावला की जे परजीवी आत शिरतात, त्यांच्या अंगावरचं मुख्य प्रथिन जीपीआयनेच बांधलेलं असतं. डब्ल्यूएचओने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केलेली मलेरियावरची आर २१ लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. तिच्यात त्याच प्रथिनाचा भाग आहे, नांगराशिवाय.

आणि आपल्या सगळ्यांची सुरुवातही तिथलीच. शुक्रपेशीवरच्या एका प्रथिनाला जपानी शोधकांनी २००५ मध्ये विवाहासाठी प्रसिद्ध असलेल्या देवळावरून इझुमो हे नाव दिलं. ते अंडपेशीवर कोणाला पकडतं हे नऊ वर्षं कोडं होतं. २०१४ मध्ये इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये उत्तर सापडलं: जीपीआयने बांधलेलं एक प्रथिन, त्याला नाव दिलं रोमन विवाहदेवतेचं, ज्युनो. ज्या उंदरीण माद्यांत ज्युनो नव्हतं त्यांना पिल्लं झाली नाहीत. आणि उंदराच्या अंडपेशीत फलन झालं की अर्ध्या-पाऊण तासात ज्युनो पटलावरून निघून जातं, म्हणजे मागून आलेल्या दुसऱ्या शुक्रपेशीला पकडायला काहीच उरत नाही.